शरीराचा अंबारखाना : वजन, राहणी आणि अपत्यप्राप्ती

पन्हाळ्याला शाळेची सहल आली, की तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहून झाल्यावर मुलांची रांग अंबारखान्यापाशी येते. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरने वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज चार महिन्यांहून अधिक काळ या गडावर होते. तटबंदी कितीही भक्कम असली, तरी वेढ्यात गड किती दिवस तग धरणार हे शेवटी कोठारच ठरवते. म्हणून कोणताही शहाणा किल्लेदार मोठा बेत आखण्यापूर्वी कोठीतला साठा विचारतो.

आपले शरीरही असेच वागते. मूल जन्माला घालणे हा शरीराच्या दृष्टीने फार खर्चिक बेत आहे. गरोदरपणात स्त्रीला नेहमीपेक्षा जादा लागणारी ऊर्जा साधारण ५० ते ८० हजार किलोकॅलरी भरते. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीतून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर हा खर्च अडीचशे ते चारशे भाकरींचा झाला. त्यानंतरचे अंगावर पाजणे वेगळेच. एवढा खर्च पेलेल की नाही, याचा अंदाज घेतल्याशिवाय शरीर या कामाला मोकळ्या हाताने परवानगी देत नाही. हा अंदाज कोण घेते, कसा घेते आणि तो कशामुळे चुकतो, हे समजले की वजन, राहणी आणि अपत्यप्राप्ती यांचा संबंध उलगडतो.

प्रश्न दोघांचा

आधी व्याख्या पाहू. कोणतेही गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही १२ महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी या स्थितीला तोंड द्यावे लागते.

आपल्याकडे या स्थितीचे नाव घेताच बोट सुनेकडे वळते. तपासण्या तिच्या, नवस तिचे, उपास तिचे आणि टोमणेही तिलाच. प्रत्यक्षात अशा जोडप्यांची तपासणी केली असता जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचे कारण सापडते. कधी ते एकटेच असते, कधी स्त्रीच्या बाजूच्या कारणासोबत. तेव्हा पुढे जे काही सांगायचे आहे ते दोन शरीरांविषयी आहे, एका नव्हे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवू.

कोठार रिकामे असेल तर

दुष्काळानंतर नऊ-दहा महिन्यांनी जन्मांची संख्या घसरते, हे जुन्या जन्मनोंदींवरून स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडावर आलेल्या दुष्काळांच्या नोंदींचा अभ्यास लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी केला. भुकेच्या काळात गर्भधारणाच कमी होतात असे त्यांना आढळले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हाही पुढच्या वर्षी जन्मांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. अशा काळात कुटुंबांची ताटातूट होते, आजार वाढतात, हे खरेच. परंतु त्याशिवाय शरीरात काहीतरी घडत असले पाहिजे.

१९७४ साली अमेरिकेत रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी मांडले, की मुलीची पाळी सुरू होण्यासाठी आणि पुढे ती नियमित राहण्यासाठी शरीरात काही किमान चरबी असावी लागते. उंचीला साजेशा वजनापेक्षा १० ते १५ टक्के वजन घटले, की अनेक स्त्रियांची पाळी थांबते. धावपटू आणि नर्तिका यांच्यात हे वारंवार दिसते. चरबीचा एकच ठरावीक आकडा सर्वांना लागू पडतो, हे त्यांचे म्हणणे पुढे तसेच्या तसे टिकले नाही. साठ्याइतकीच रोजची आवकही महत्त्वाची असते, असे कळून आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणींचा आहार कमी करून व्यायाम वाढवला, तेव्हा अवघ्या पाच दिवसांत त्यांच्या प्रजनन संप्रेरकांचा ताल बिघडलेला दिसला. पाच दिवसांत चरबी ती किती घटणार? म्हणजे शरीर कोठारातला ढीग तर पाहतेच, शिवाय दाराशी येणाऱ्या गाड्याही मोजते.

ही मोजदाद मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकात होते. अंडोत्सर्गापूर्वीच्या काळात अधश्चेतक साधारण दर एक-दीड तासाने एका संप्रेरकाचा ठोका देतो. त्या ठोक्यावर पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके सोडते. ती रक्तातून स्त्रीच्या अंडाशयांना किंवा पुरुषाच्या वृषणांना कामाला लावतात. ठोके मंदावले, की खालची सारी यंत्रणा मंदावते. अंडे पक्व होत नाही आणि पाळी लांबते किंवा थांबते.

कोठाराची खबर अधश्चेतकापर्यंत पोहोचते कशी? याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधले. ते चरबीच्या पेशी तयार करतात. चरबी जितकी जास्त, तितके रक्तातील लेप्टिन जास्त. ज्या उंदरांत जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही, ते अतिशय लठ्ठ असतात आणि तरीही वंध्य असतात. कोठार ओसंडत असते, पण साठ्याची खबर देणारा कारकूनच नसल्याने मेंदू ते रिकामे समजतो. अशा उंदरांना लेप्टिन टोचले तेव्हा त्यांची भूक आटोक्यात आली, वजन उतरले आणि त्यांना पिल्लेही झाली. आपण नुसता चरबीचा साठा समजत होतो ती चरबी खरे तर एक मोठी संप्रेरक ग्रंथी आहे, हे या शोधाने दाखवले.

कोठार ओसंडले तर

मग चरबी जितकी जास्त तितके बरे, असे का होत नाही? याचे कारण कोठारातच शोधावे लागते. धान्य मर्यादेबाहेर भरले, हवा खेळायला जागा राहिली नाही, की ते तापते, त्याला कीड लागते. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात झिरपतात आणि स्नायू व यकृत इन्शुलिनला नीट दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करते. हे जादा इन्शुलिन अंडाशयांपर्यंतही पोहोचते आणि तिथे पुरुषी संप्रेरकांची निर्मिती वाढवते. त्याच वेळी, या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी तयार करू लागते. परिणामी अंडाशयातील पुटिका वाढू लागतात पण अर्ध्यावर थांबतात आणि अंडे बाहेर पडत नाही.

ही साखळी सर्वांत ठळकपणे दिसते ती 'पीसीओएस' या विकारात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथॉल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले. लांबणारी पाळी, चेहऱ्यावर जादा लव, मुरुमे आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणाऱ्या असंख्य लहान पुटिका ही त्याची लक्षणे. मुंबईत किशोरवयीन व तरुण मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका निकषानुसार २२.५ टक्के, तर दुसऱ्या अधिक कडक निकषानुसार १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. निकष बदलला की आकडा किती बदलतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विकार आढळलेल्या मुलींपैकी बहुसंख्य स्थूल नव्हत्या. म्हणजे नुसते पाहून निदान करणे चूक ठरते.

अंडोत्सर्ग नियमित असला तरी वजनाचा परिणाम उरतोच. हॉलंडमध्ये मुलाची वाट पाहणाऱ्या तीन हजारांहून अधिक जोडप्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे 'बीएमआय', २९ च्या पुढे गेल्यावर दर एका अंकामागे नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी घटत गेली.

काटा पुरे पडत नाही

हा बीएमआय काय आहे? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. बेल्जियमचे गणिती केतले यांनी १८३२ मध्ये हे गुणोत्तर मांडले. १८.५ च्या खाली कृश, १८.५ ते २४.९ योग्य आणि २५ च्या पुढे जादा वजन, ही जागतिक विभागणी. भारतीयांसाठी मात्र आपल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये हे निकष खाली आणले : २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता. १.५५ मीटर उंचीच्या व ५८ किलो वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक २४.१ येतो. जागतिक तक्त्यात ती योग्य गटात, तर आपल्या तक्त्यात जादा वजनाच्या गटात मोडते.

असे का, याचे उत्तर पुण्यात मिळते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची, इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी लहान होती. परंतु त्यांचे स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. बारीक दिसणारे पण आतून चरबी बाळगणारे हे शरीर आपल्या मातीत पिढ्यान् पिढ्यांच्या अर्धपोटी मातृत्वातून घडत आले असावे. अशा शरीरावर पोटाभोवती थोडीशीही चरबी चढली, की इन्शुलिनचे गणित लवकर बिघडते. म्हणून काट्याच्या जोडीला मोजपट्टी हवी. कमरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असावा.

याच्या उलटही घडते. खासबागेत उतरणाऱ्या मल्लाचा बीएमआय २८ भरेल, पण ते वजन स्नायूंचे असते. त्याला तक्ता पाहून स्थूल म्हणणे हास्यास्पद ठरेल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश आणि २४ टक्के जादा वजनाच्या होत्या. पुरुषांत हे आकडे १६.२ आणि २२.९ टक्के होते. म्हणजे रिकामे कोठार आणि ओसंडणारे कोठार एकाच देशात, एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात आढळते. पन्हाळा तालुक्यातल्या वाड्यांवर डोक्यावरून वैरणीचा भारा आणणारी जाऊ आणि वारणानगर किंवा कोल्हापुरात दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी जाऊ यांना एकच सल्ला देऊन चालणार नाही.

पुरुषाची बाजू

पुरुषाच्या शरीरात चरबी वाढली की तीन गोष्टी घडतात. चरबीतील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते, त्यामुळे अधश्चेतकाचे ठोके मंदावतात. मांड्यांच्या व पोटाच्या चरबीमुळे वृषणांचे तापमान वाढते. आणि दाहामुळे शुक्राणूंतील डीएनएला इजा पोहोचते. सुमारे १३ हजार पुरुषांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वजन वाढत गेले तसे शुक्राणू कमी असण्याचे किंवा अजिबात नसण्याचे प्रमाण वाढत गेलेले दिसले.

वृषणे शरीराबाहेर असतात ती उगीच नव्हे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. इटलीत सिरॅमिकच्या भट्ट्यांवर दीर्घकाळ काम करणाऱ्या पुरुषांना मूल होण्यास अधिक काळ लागल्याचे १९९२ च्या एका अभ्यासात दिसले. गुऱ्हाळात उकळत्या काहिलीपाशी तासन् तास उभे राहणारे आणि शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर राबणारे तरुण आपल्या वर्गांतूनच गेलेले असतात. त्यांनी काम सोडावे असे कोण म्हणेल? पण मुलाची वाट पाहणाऱ्या अशा तरुणाने डॉक्टरांना आपले काम सांगायला हवे आणि शक्य असेल तर भट्टीपुढची पाळी काही महिने बदलून घ्यावी.

तंबाखूचेही तेच. ती फक्त ओढली तरच वाईट, असे नाही. तंबाखू चघळणाऱ्या सहाशेहून अधिक भारतीय पुरुषांच्या तपासणीत (२००५), चघळण्याचे प्रमाण जितके जास्त तितके शुक्राणू संख्येने आणि हालचालीने कमी आढळले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सवय बंदीने सुटत नाही. स्त्रियांच्या मिश्रीतही तंबाखूच असते, हे सांगायला विसरू नये.

आणखी एक धोका नवा आहे. पीळदार शरीरासाठी काही तरुण टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. बाहेरून आलेले संप्रेरक पाहून मेंदू आपले ठोके थांबवतो आणि वृषणातील निर्मिती बंद पडते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांत पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉनची चाचणी घेतली आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणू शून्यावर आले. बाहेरून पुरुषत्वाचे चित्र आणि आत निर्मिती बंद! इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते, पण त्याला अनेक महिने लागतात.

वजन घटले की मूल होतेच का?

इथे सावध राहिले पाहिजे. जादा वजन आणि अनियमित पाळी असलेल्या स्त्रीचे ५ ते १० टक्के वजन घटले, तरी अनेकदा अंडोत्सर्ग पुन्हा सुरू होतो. ७० किलोच्या स्त्रीला हे साडेतीन ते सात किलो झाले. आवाक्यातली गोष्ट आहे. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीने दुसरी बाजू दाखवली. ५७७ स्थूल स्त्रियांपैकी निम्म्यांना आधी सहा महिने वजन कमी करण्याचा कार्यक्रम दिला, उरलेल्यांना लगेच उपचार दिले. पहिल्या गटात उपचारांविना गर्भधारणा अधिक झाल्या : २६.१ टक्के विरुद्ध १६.२ टक्के. परंतु दोन वर्षांच्या आत निरोगी, पूर्ण दिवसांचे, नैसर्गिक प्रसूतीने एकच बाळ होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २७.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ३५.२ टक्के होते.

याचा अर्थ वजन घटवणे व्यर्थ आहे असा नाही. रक्तदाब, मधुमेह आणि गरोदरपणातील धोके त्याने कमी होतात. अर्थ एवढाच, की वजन हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. क्षयरोगाने बंद झालेल्या गर्भनलिका चालण्याने उघडत नाहीत. आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे गेले असेल, तर 'आधी वजन कमी कर, मग बघू' असे म्हणत वर्ष घालवणे तिच्यावर अन्याय आहे. तिने सहा महिन्यांनंतरच तपासणीला जावे. कृश किंवा जाड असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना मुले होतातच, हेही विसरू नये. आपण बोलतो आहोत ते शक्यतांविषयी.

तीन महिन्यांचा हंगाम

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे वृषणालगतच्या नलिकेत परिपक्व व्हायला आणखी काही दिवस. अंडाशयातील पुटिकेच्या वाढीचा अखेरचा टप्पाही जवळजवळ तीन महिन्यांचा असतो. म्हणजे आज फलित होणारी दोन्ही बीजे तीन महिन्यांपूर्वीच्या अन्नावर, झोपेवर आणि सवयींवर पोसलेली असतात. पेरणीच्या आदल्या दिवशी शेणखत टाकून उपयोग नसतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

या तीन महिन्यांत काय करावे? अमेरिकेत १७ हजारांहून अधिक परिचारिकांच्या नोंदींवरून २००७ मध्ये निघालेले निष्कर्ष आपल्या स्वयंपाकघराशी चांगले जुळतात. डाळी-उसळींतून मिळणारी प्रथिने, कोंड्यासकट धान्य, हिरव्या भाज्या, नियमित व्यायाम आणि योग्य वजन असणाऱ्या स्त्रियांत अंडोत्सर्गाच्या बिघाडामुळे येणारे वंध्यत्व बरेच कमी आढळले. हा कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे, पण ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि पालेभाजी खाण्यात तोटा तर काहीच नाही. कृश स्त्रीने मात्र ताट वाढवायचे आहे आणि नवऱ्याआधी किंवा निदान त्याच्याबरोबर जेवायचे आहे. रोज अर्धा तास भरभर चालणे, सात-आठ तास झोप, तंबाखू व दारू दोघांनीही बंद आणि स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक आम्लाची गोळी. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा बेत डॉक्टरांना आधीच सांगावा. सेमाग्लुटाइडसारखे औषध किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

वर्गात काय सांगावे

नववी-दहावीत प्रजननसंस्था आणि संप्रेरके शिकवताना हा विषय सहज येतो. बीएमआय हे गणिताच्या तासाला चांगले उदाहरण आहे, पण ते कल्पित आकड्यांवर सोडवावे. वर्गात मुलांचे वजन मोठ्याने वाचू नये. प्रौढांचे निकष वाढत्या वयाच्या मुलांना लागूही होत नाहीत. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. एखाद्या मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नसेल, ती जेवण टाळत असेल किंवा खेळाच्या सरावाने खंगत असेल, तर शिक्षिकेने तिच्याशी एकांतात बोलावे आणि आईच्या कानावर घालावे.

आणि एक गोष्ट मुलग्यांना जरूर सांगावी. वीर्यतपासणी ही या साऱ्या तपासण्यांतली सर्वांत सोपी आणि कमी खर्चाची आहे. तरीही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते, आणि तोपर्यंत सुनेची दोन-तीन वर्षे दवाखान्यांत आणि देवस्थानांत गेलेली असतात. आज समोरच्या बाकावर बसलेला मुलगा दहा-बारा वर्षांनी नवरा होईल. तेव्हा 'चल, दोघेही तपासून घेऊ' असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला, तर आपला विज्ञानाचा तास कारणी लागला असे समजावे.